गडग्यावरची उडी

सुभेदार काकांचे माझ्यावर उपकार आहेत. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना मी माझ्या भीतीबद्दलच बोलत बसेन आणि ते बाजूला राहतील. त्यांच्या मागोमाग काकींचे. काकांचं खरं नाव लिहिलं तर त्यांना आवडायचं नाही. वाडीत सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता "सुभेदार, पत्र" अशी हाक देतो आणि पुढे जातो.

मी मूळचा हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. मग गावाजवळच्या तेलाच्या गिरणीत सोळा-सतरा वर्षं काढली. गिरणी बंद पडली तेव्हा एका ओळखीच्या माणसाने जयगडच्या बंदरावर रंगकाम करणाऱ्या टोळीत माझं नाव घातलं. बंदरावर माल वाहून नेणारे पट्टे उंच लोखंडी सांगाड्यांवरून जातात आणि खाऱ्या हवेने त्या लोखंडाला सतत गंज चढतो. तो खरवडायचा आणि पुन्हा रंग द्यायचा, एवढंच काम. एका टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक पुन्हा गंजलेलं असतं, त्यामुळे काम कधी संपत नाही. गिरणी बंद पडताना पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट फार बरी वाटते.

मी आलो तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. घरी आई, बायको, दोन मुलं. समुद्र त्याआधी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर उंचीही पाहिली नव्हती. आमच्याकडे जमीन ताटासारखी. घरात माळ्यावरचं काही काढायचं असलं तरी बायको चढायची, मी खाली शिडी धरायचो. हे मी टोळीत कुणाला सांगितलं नव्हतं.

टोळीच्या खोलीत जागा उरली नव्हती, म्हणून सुपरवायझरने मला शेजारच्या वाडीत सुभेदारांच्या पडवीला लागून असलेली खोली मिळवून दिली. तिथे ते दोघंच राहत. मुलगी लग्न होऊन पुण्याला, मुलगा परदेशात. काकांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. कमरेत बाक नाही, पण पायऱ्या उतरताना मात्र ते तिरके व्हायचे, आधी एक पाय, मग दुसरा, खेकड्यासारखे. काकी म्हणाल्या, "विमानातनं उड्या मारून मारून गुडघे तिकडे ठेवून आले नि बाकीचे घेऊन इकडे आले."

असं मला कळलं की काका फौजेत छत्रीवाले होते. विमानातून छत्री घेऊन उडी मारणारे. आग्र्याला शिकले, एकाहत्तरच्या लढाईत खरोखरची उडी मारली, आणि मग पेन्शनीला येईपर्यंत नवीन पोरांना उड्या मारायला शिकवलं. सव्वीस जानेवारीला वाडीची शाळा त्यांना भाषणाला बोलावते. लढाईचं सांगा, म्हणतात, आणि ते दरवर्षी एकच गोष्ट सांगतात: उडी मारून भाताच्या खाचरात पडलो, मांडीपर्यंत चिखलात रुतलो, आणि एक बूट गेला तो गेलाच. मुलं हसतात, गुरुजी जरा खट्टू होतात, काका जिलबी घेऊन घरी येतात.

आता माझ्या भीतीचं. सांगाड्यावर चढायचं तर हाइट पास लागतो. आधी डॉक्टर रक्तदाब बघतात, डोळे मिटून एका पायावर उभं करतात. मग सरावासाठी उभ्या केलेल्या लोखंडी मनोऱ्यावर चढायचं, वर एका तुळईवरून चालत जायचं, वळायचं, परत यायचं. अंगात पट्टा असतो, त्याला दोन हूक. एक सोडायच्या आधी दुसरा लावायचा. हे सगळं जमलं की हेल्मेटवर शिक्का चिकटवतात. मी निम्म्या शिडीवर थांबलो. थांबलो म्हणजे हात सुटेनात. सेफ्टीचा माणूस वर येऊन माझी बोटं एकेक करून सोडवत मला खाली घेऊन गेला. टोळीतले लोक चांगले, कुणी हसलं नाही, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. सुपरवायझरने आठ दिवस दिले. तोवर खाली राहून रंगाचे डबे हलव, म्हणाला, पण नंतर खालच्या कामाला माझ्याकडे जागा नाही, गावची गाडी धरावी लागेल.

त्या संध्याकाळी बायकोचा फोन आला. पास झालो, असं मी तिला सांगितलं. का सांगितलं, ते आजही नीट सांगता येत नाही. तिने विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तिने कळवलं की आईने गल्लीत पेढे वाटले.

पडवीच्या भिंतीला कान असतात असं नाही, पण काकी पलीकडेच तांदूळ निवडत बसलेल्या होत्या. सकाळी चहा देताना म्हणाल्या, "फोनवर चढलास ते ऐकलं. आता लोखंडावर कधी चढणार?" आणि काकांकडे वळून त्यांनी सगळं सांगून टाकलं, मी तिथे नसल्यासारखं.

काकांनी चहा संपवला, अंगणाच्या कडेला गेले, गडग्यावर हात ठेवून उभे राहिले. गडगा म्हणजे जांभ्या दगडांचं बिनचुन्याचं कुंपण, तिथे छातीएवढं उंच. मग गोठ्यातून पेंढा आणून त्यांनी गडग्याखाली पसरला आणि मला म्हणाले, "वर चढ."

चढल्यावर म्हणाले, "आता पड."

मी म्हणालो, काका, मला चढायला शिकायचंय, पडायला नाही. त्यांनी विचारलं, तुला भीती कशाची वाटते, चढायची की पडायची? पडायची, मी म्हटलं. मग आधी पडायला शीक, ते म्हणाले. मी म्हटलं, तो मनोरा पार वर आहे, तिथून पडलो तर तुमचा पेंढा काय करणार? ते हसले. "काही नाही करणार. तिथून पडलास तर मेलास. पण हे तुझ्या अंगाला कुठे माहीत आहे? अंगाला एवढंच कळेल की आपण रोज पडतो आणि रोज उठतो."

तेव्हापासून रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी गडग्यावरून उड्या मारू लागलो. पाय जोडलेले, गुडघे जोडलेले, थोडे वाकवलेले, हनुवटी छातीला. पाय टेकले की कुशीवर लोळायचं, आधी पोटरी, मग मांडी, मग पाठ. नजर खाली नाही, समोर. जमिनीकडे बघितलं की पाय तिला शोधायला आपसूक पुढे होतात आणि मोडतात, असं ते सांगत. समोर म्हणजे तिथे माडांच्या मधून समुद्राची रेघ दिसते, तिच्यावर डोळे ठेवायचे. चुकलं की शिवी नाही, फक्त "दुबारा". पुण्याची मुलगी फोनवर असली तरी फोन कानालाच, आणि मध्येच "दुबारा".

चौतीस वर्षांचा बाप्या गडग्यावरून पेंढ्यात लोळतो म्हटल्यावर वाडीला करमणूक झाली. एसटी पकडायला निघालेली एक शेजारीण थांबून म्हणाली, "सुभेदार, भरती सुरू केलीत काय?"

"केलीय. तुझ्या नवऱ्याला पाठव. पोट कमी होईल."

"त्याला गडग्यावर चढवायला क्रेन लागेल," ती म्हणाली आणि एसटीसाठी धावली.

संध्याकाळी कामावरून आलो की पट्टा बांधायचा सराव. तो मी कामावरून मागून आणला होता. काका मला डोळे मिटायला लावत आणि हाताने चाचपून मोठ्याने म्हणायला लावत: छाती, कंबर, डावी मांडी, उजवी मांडी, हूक एक, हूक दोन, ठीक. मग ते मागे येऊन माझी पाठ तपासत, आणि मी त्यांची. त्यांच्या पाठीवर बनियनशिवाय काही नसे, तरी तपासायची. विमानात, ते म्हणाले, प्रत्येकजण पुढच्याची पाठ बघतो, कारण स्वतःची पाठ कुणाला दिसत नाही. आपला जीव आपल्या मागच्या माणसाने तपासलेला असतो. एवढं बोलून ते ओशाळले, आणि काकींना म्हणाले, चहा कर गो.

रविवारी त्यांनी मला बुटाच्या गोष्टीचा उरलेला भाग सांगितला, जो शाळेत सांगत नाहीत. त्यांच्या पुढे जो होता तो त्यांचा जोडीदार, साताऱ्याकडचा. एका ताटात जेवणारा. त्याने उडी मारली, मागोमाग यांनी. छत्री उघडल्यावर यांनी बघितलं तर जोडीदाराच्या छत्रीच्या दोऱ्या पीळ खाऊन गुंतलेल्या, आणि तो हवेत भोवऱ्यासारखा फिरतोय. "मी त्याच्याकडेच बघत राहिलो," काका म्हणाले. "खाली भाताची खाचरं, पोफळी, तळी, आपल्या कोकणासारखं सगळं. ते दिसत होतं, पण माझं ध्यान त्याच्यात. जमीन कधी आली कळलंच नाही." जोडीदाराचा पीळ सुटला आणि तो अलगद उतरला. काका वाकडे पडले, घोटा गेला. बूट चिखलात राहिला तो त्यामुळे, सुजलेला पाय ओढून काढला म्हणून.

मग काय केलंत, मी विचारलं.

काय करणार, ते म्हणाले, कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मागे ठेवलं असतं. पायाला फडकं गुंडाळलं, एका मेलेल्या माणसाचा बूट मिळाला तो घातला, आणि लढाई थांबेपर्यंत चाललो. जोडीदाराला संशय आला होता, तो यांचं निम्मं ओझं उचलत होता आणि वर शिव्या देत होता. "नंतर पोरांना शिकवताना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो. पुढचा कसा पडला ते बघत राहायचं नाही. तुझी पाळी आली की तू जायचं."

मी भित्रा माणूस आहे, त्यामुळे शूर माणसं कशी असतात याबद्दल माझ्या कल्पना होत्या. त्यांना भीतीच वाटत नसेल, असं मला वाटायचं. काकांनी सांगितलं की विमानात बसलं की त्यांना दर वेळी ओकारी यायची. पहिल्या उडीलाही आणि शेवटच्याही. खिशात कागदी पिशवी ठेवायचे. हे ते कांद्याच्या भावाबद्दल सांगावं तसं सांगत होते.

आठवा दिवस उजाडला. परीक्षा दहाला होती. सहा वाजता मी गडग्याजवळ उभा होतो, पण वर चढलो नव्हतो. आठ दिवसांत गडग्याची भीती गेली होती, पण त्या मनोऱ्याची जागची हलली नव्हती. रात्रभर मला तो सेफ्टीचा माणूस आणि माझी बोटं दिसत होती. मी म्हणालो, काका, मी जात नाही. घरी जातो, बायकोला खरं सांगतो, तिकडे काहीतरी बघतो. ते म्हणाले, एकदा उडी मार, मग बोल. आणि मी त्यांना म्हणालो, जे मी आयुष्यात कुणाला बोलायला नको होतं:

"तुमच्या पाठीवर छत्री होती काका. खाली उभं राहून सांगायला सोपं असतं."

त्यांनी चपला काढून बाजूला नीट ठेवल्या. दगडांच्या खाचांत पाय देत गडग्यावर चढले. मी पुढे झालो तर हाताने लांब केलं. वर उभे राहिले, नजर समुद्राकडे, आणि स्वतःशीच पुटपुटले: छाती, कंबर, डावी मांडी, उजवी मांडी. काकी चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी "अहो" एवढंच म्हटलं.

पाय जोडलेले, गुडघे जोडलेले. पेंढ्यावर टेकले, कुशीवर लोळले, पोटरी, मांडी, पाठ, जसं शिकवलं होतं अगदी तसं. इतकी सुबक उडी मला आजवर एकदाही जमलेली नाही. फक्त ते उठले नाहीत.

डावा गुडघा. बघता बघता नारळाएवढा झाला. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज नाही. मी रडायलाच लागलो. रिक्षा आणतो, रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात नेतो, असं काहीतरी बडबडत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुझी पाळी कधी आहे?"

"दहाला."

"मग इथे काय करतोस?"

मी म्हटलं, काका, तुम्हाला असं टाकून मी कसा जाऊ.

"पुढचा कसा पडला ते बघत राहायचं नाही," ते म्हणाले. "जा."

काकींनी कप खाली ठेवले, पदर खोचला. पुतण्याची गाडी आहे, त्या म्हणाल्या, तो येईल, आम्ही जाऊ. मी तरी हलत नव्हतो तेव्हा त्या जरा करड्या आवाजात म्हणाल्या, "जा रे बाबा. ह्यांचं मला नवीन नाही. तू थांबलास तर मला एकाच्या जागी दोघांना सांभाळायला लागेल."

मी गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, भुवया वर केल्या, अर्धा तास बसवून ठेवलं आणि पुन्हा बघितला. आता चालेल, म्हणाले. पट्टा बांधताना मी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणू लागलो, छाती, कंबर. सेफ्टीचा माणूस बघत राहिला. मग मी त्याला म्हटलं, साहेब, माझी पाठ तेवढी बघा. त्याने बघितली. मांडीच्या पट्ट्याला मागून पीळ पडला होता. तो त्याने सोडवला.

शिडीवर मागच्या वेळच्या जागी आलो तेव्हा हात थांबायला लागले. मला भीती वाटत नव्हती असं नाही, चांगली वाटत होती. पण मी तिथे थांबलो तर काकांचा गुडघा फुकट गेला, हे त्याहून जास्त वाईट वाटत होतं. समुद्राची रेघ इथूनही दिसते. तिच्यावर डोळे ठेवले. हूक एक, हूक दोन, हूक एक. तुळईच्या टोकाला पोचलो, वळा म्हणाले, वळलो. खाली आल्यावर कळलं की जीभ दाताखाली येऊन रक्त आलंय.

शिक्का लागलेलं हेल्मेट तसंच हातात घेऊन मी एसटीने रत्नागिरीला गेलो. काका खाटेवर, पाय फळीला बांधलेला. काकी बाजूला मोसंबी सोलत होत्या. मला बघून काकांनी हात पुढे केला, मला वाटलं माझा हात हवाय, पण त्यांना हेल्मेट हवं होतं. शिक्क्यावरून अंगठा फिरवून बघितला, निघत तर नाही ना म्हणून. मग म्हणाले, "आता बायकोला खरं सांग."

दवाखान्याच्या व्हरांड्यातून मी तिला सगळं सांगितलं, पहिल्या दिवशी नापास झालो इथपासून. ती म्हणाली, "म्हणजे पेढे आधीच वाटले आपण. आता परत वाटायचे नाहीत." आणि काकांना काय लागलं, हाड आहे की शीर, हे चारदा विचारलं.

शीर होती. डॉक्टर म्हणाले, या वयात शस्त्रक्रिया नको, काठी घ्या, पायऱ्या बंद. काका काठी घेऊन चालायला लागले, पण अंगणाच्या दोन पायऱ्यासुद्धा आता काकींच्या खांद्यावर हात ठेवून उतरतात. त्या दोघांनी मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. मीच एकदा माफी मागितली. ते म्हणाले, तुझ्यामुळे नाही रे. "मला उडी मारायची होती. फार वर्षं झाली होती."

हे खरं की माझी समजूत काढायला म्हणाले, कळत नाही. दोन्ही असेल.

आता मला तिथे तीन वर्षं होतील. मागच्या उन्हाळ्यात बायको-मुलं येऊन राहून गेली, काकींनी त्यांना आंब्यांनी आजारी पाडलं. मुलगा काकांपुढे पेंढ्यात उड्या मारत होता आणि काका खुर्चीतून "दुबारा" म्हणत होते.

याच महिन्यात एका संध्याकाळी काकांनी विचारलं, तुमच्या त्या वरच्या पट्ट्यावरून आपलं घर दिसतं का. मी म्हटलं, तीन वर्षं मी वर चढतोय, पण खाली कधी बघितलंच नाही, तुम्हीच नको म्हणाला होतात. ते इतके हसले की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी मी हूक लावून, दोन्ही हातांनी कठडा धरून, पहिल्यांदा खाली बघितलं. सगळीकडे माड आणि लाल कौलं, घर ओळखू येईना. मग गडग्यावर वाळत घातलेली काकींची पिवळी चादर दिसली, आणि तिच्या बाजूला एक ठिपका, खुर्चीत बसलेला.

हे सांगितल्यावर काका बारीकसारीक विचारत राहिले. विहीर दिसते? फणस? खाडी घराच्या किती जवळ वाटते? मग म्हणाले, किती मुलुख वरून बघितला, आपलं घर वरून कधी नाही बघितलं.

बंदरावर बाहेरच्या माणसाला वर सोडत नाहीत. पण जयगडला दीपगृह आहे, आणि तिथे दुपारी लोकांना वर जाऊ देतात. मी जाऊन आलो. जिना गोल आणि अरुंद आहे, पण एक माणूस दुसऱ्याला पाठीवर घेऊन चढू शकेल एवढा आहे, मी भिंतीला हात लावून मापून बघितलं. काकांना म्हटलं, चला. ते म्हणाले, सुभेदार कुणाच्या पाठीवर बसून वर जात नसतो. काकी मागून म्हणाल्या, बसेल बसेल, विचारत राहा.

मी विचारत राहणार आहे. ज्या दिवशी ते हो म्हणतील त्याच दुपारी मी त्यांना पाठीवर घेईन, पट्टा बांधून, काकींकडून दोघांची पाठ तपासून घेऊन, आणि त्या जिन्याने वर नेऊन त्यांना त्यांचं घर दाखवीन.